रुमालाखालचा भाव

तिळसंक्रांत उलटली आणि शेतातली मोठी कामे हातावेगळी झाली, की वऱ्हाडात शंकरपटांचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचे, दिवस येतात. आणि अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरच्या पटात जो कोणी एकदा दाणीच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या, कडेला उभा राहिला असेल, त्याला हे निराळे सांगावे लागत नाही की, हलक्या छकडीला जुंपलेली आणि धुरकऱ्याच्या एका हाळीसरशी धुरळा उडवीत सुटलेली ती जोडी डोळ्यांसमोरून गेल्यावर बघ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो तिच्या वेगाचा, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो तो तिच्या किमतीचा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हल्ली विजेवर चालणारे घड्याळ सेकंदाच्या शंभराव्या हिश्शापर्यंत देते आणि कर्ण्यावरून ते साऱ्या मैदानाला ऐकू जाते. दुसऱ्याचे उत्तर घेणारा देत नाही, विकणारा देत नाही, आणि ज्याने मध्ये पडून सौदा जुळविला तो हेडी तर मुळीच देत नाही.

वेगासाठी उपयोगापेक्षा अधिक मोल मोजण्याची ही हौस काही आजची नव्हे. वऱ्हाड 1596 साली मोगलांच्या ताब्यात गेले त्याच सुमारास अबुल फजल आपली ‘आईन-इ-अकबरी’ सिद्ध करीत होता. तीत गुजरातच्या बैलांविषयी तो लिहितो की, त्यांच्या जोडीची नेहमीची किंमत दहा ते वीस मोहरा असली, तरी कधी कधी एखादी जोडी शंभर मोहरांनाही विकली जाते, कारण ती एका अहोरात्रात ऐंशी कोस चालते आणि चपळ घोड्यांनाही मागे टाकते. पाचपट किंवा दहापट हा फरक बैलाच्या मांसाचा नव्हे, की त्याच्या खांद्यातल्या बळाचाही नव्हे. नांगराच्या बैलाची किंमत हिशेबाने काढता येते: वाहिती किती होईल, अजून किती वर्षे चालेल, दातांनी तो आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला. वऱ्हाडी गावरान जातीतले खामगावी आणि त्यांहून लहान चणीचे उमरडे बैल असोत, की शेजारच्या वर्ध्याकडचे चपळ गवळाऊ असोत, शेतकरी त्यांना याच मापाने तोलत आला. पटाच्या बैलाला मात्र हे माप लागू पडत नाही; त्याची किंमत त्याने मागल्या पटात काय केले यावर ठरते, आणि त्याहूनही अधिक, तो आपल्या दावणीला असावा म्हणून किती जण तळमळत आहेत यावर ठरते.

ही तळमळ कोणाला किती आहे हे नेमके ओळखणे हाच हेड्याचा धंदा. बैलबाजारात त्याची रीत पाहण्यासारखी असते. विकणाऱ्याला तो बाजूला घेतो, खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकतो, आणि त्याखाली बोटे धरतो: एक बोट धरले तर एक, सारा पंजा धरला तर पाच, तो एक शेकड्याचा की हजाराचा, हे समोरच्या जनावराकडे पाहूनच समजायचे. तोंडाने दोघेही पावसापाण्याच्या गोष्टी करीत असतात. मग तोच रुमाल घेऊन तो गिऱ्हाइकाकडे जातो आणि त्याची बोटे धरतो. पहिल्या हाताने काय सांगितले ते दुसऱ्याला कळत नाही आणि दुसऱ्याने काय कबूल केले ते पहिल्याला कळत नाही. या दोन अज्ञानांच्या मधली जी जागा, तीत हेड्याचा नफा राहतो. उघड दलाली दोन्हीकडून मिळते ती निराळीच. विसार हातावर पडला की सौदा पक्का, आणि पावतीवर जो आकडा चढतो तो हासील कमी पडावे म्हणून बेतलेला. मला स्वतःला या माणसांचा राग कधी येऊ शकला नाही. इतक्या थोड्या शब्दांत इतके खोटे बोलण्याचे कसब दुसऱ्या कोणत्या व्यवसायात असेल असे वाटत नाही.

कापसाच्या बाजाराला नियम लावण्याच्या बाबतीत मात्र हेच वऱ्हाड साऱ्या देशाच्या पुढे होते. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, इकडचे भाव कधी नव्हे इतके चढले, 1867 त आगगाडी नागपूरपर्यंत पोहोचली आणि 1870 त खामगावचा फाटा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते उघडला गेला. पैसा आला, त्याच्यामागून अडते आले, आणि त्यांच्यामागून तक्रारी. त्यांतूनच हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकमाने 1886 त कारंज्याचा कापूसबाजार नियमाखाली आला, 1897 त वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, आणि पुढे 1928 त लॉर्ड लिनलिथगोच्या अध्यक्षतेखालील शेती आयोगाने देशभर बाजार नियंत्रित करावेत असे सुचविले तेव्हा त्याच्यापुढे नमुना होता तो वऱ्हाडचाच. माप, दलाली आणि अडत यांना नियम लागले. बैलबाजारात मात्र सरकारचा हात मुख्यतः बाजारबैठक आणि पावती यांपुरताच राहिला, रुमालापर्यंत तो पोहोचला नाही.

पुढे वेग बैलांकडून यंत्राकडे गेला, आणि योगायोग असा की, त्या यंत्राचे घराणे वऱ्हाडच्या शेजारचेच निघाले. वर्ध्याचे कापसाचे व्यापारी शेठ बच्छराज यांनी जमनालाल बजाज यांना नातू म्हणून दत्तक घेतले होते. त्या बच्छराजांच्या नावाने 1945 त निघालेल्या कंपनीने 1948 पासून इटलीची व्हेस्पा स्कूटर आणून विकण्यास आरंभ केला. 1960 पासून तिचे इकडे उत्पादन सुरू झाले आणि इटालियन करार संपल्यावर 1972 त चेतक आली. राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव देण्यात कल्पकता होती. तो घोडा मिळण्यास कित्येक ठिकाणी दहा दहा वर्षे लागत, एवढेच.

येथे दोन देशांची तुलना बोधप्रद ठरेल. अमेरिकेत 1958 साली सिनेटर मन्रोनी यांच्या पुढाकाराने असा कायदा झाला की, प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर कारखानदाराने सुचविलेली किंमत चिकटविलीच पाहिजे; विक्रेत्याने तीहून अधिक मागू नये असे मात्र त्यात नव्हते. म्हणून तिकडे एखादी मागणीची स्पोर्ट्‌स कार आली की विक्रेता त्या चिठ्ठीशेजारी दुसरी चिठ्ठी लावतो आणि आपली वाढीव रक्कम छापून मोकळा होतो. आपल्याकडे पुढच्याच वर्षी, 1959 त, मोटारींच्या वाटप व विक्रीवर नियंत्रण आले आणि 1960 त ते स्कूटरवरही आले. रांग लागली, सरकारी कोटा ठरला, घेतलेली गाडी दोन वर्षे परवानगीवाचून विकू नये असे बंधन आले. 1969 त तर मोटारींची किंमतच हुकमाने बांधली गेली; कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1971 त न्यायालयालाच गुंतविलेल्या भांडवलावर किती टक्के नफा रास्त याचा हिशेब करीत बसावे लागले. किंमत गोठली, पण हौस गोठली नाही, आणि जी वरकड रक्कम अमेरिकेत काचेवर दिसत होती ती इकडे पुन्हा रुमालाखाली गेली. तिला नाव पडले ‘ऑन’.

अकोल्याला आमच्या वडिलांनी स्कूटर नोंदविली तेव्हा माझी धाकटी बहीण बालवाडीत होती. अनामतीची रक्कम पोस्टाच्या बचत खात्यात भरून पासबुक विक्रेत्याकडे तारण ठेवावे लागे. ते पासबुक दुकानाच्या लोखंडी कपाटात गेले आणि आम्ही वाट पाहू लागलो. बहीण सातवीत गेली तेव्हा पत्र आले. वडील नवी टोपी घालून दुकानात गेले, तर तेथल्या कारकुनाने मोठ्या अदबीने विचारले, “मास्तर, गाडी घरी नेता, की नंबर देता? गिऱ्हाईक बाहेर बसलं आहे.” बाहेर बाकावर एक लग्नाळू मुलीचे वडील खरोखरच बसले होते, हुंड्यात स्कूटर ठरली होती आणि मुहूर्त आठ दिवसांवर आला होता. वडिलांनी नंबर दिला नाही. मग सीटकव्हर, गार्ड, स्टेपनीचे आवरण अशा न मागितलेल्या वस्तूंचे एक निराळे बिल पुढे आले आणि ते चुकते केल्यावाचून किल्ली मिळाली नाही. त्या बिलावर कारकुनाने बोटाने टिचकी मारली ती मला अजून आठवते. बैलबाजारात पंजा दाबतात, तशीच ती होती.

1983 च्या अखेरीस मारुती आली तेव्हा सव्वा लाखाहून अधिक लोक दहा दहा हजार रुपये आधी भरून बसले होते, आणि ‘ऑन’चा भाव आता चारचाकीला लागू झाला. नंतर जपानी सहकार्याच्या दुचाकी आल्या, 1993 त मोटारींचे परवाने गेले, रांगा विरल्या. आज गाडी हवी तेवढी मिळते. जी मिळत नाही, जिच्यासाठी मुदत सांगतात, तिच्या बिलात ‘हँडलिंग’ नावाची एक ओळ दिसू लागते. पटावरची बंदीही, सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने आलेली, डिसेंबर 2021 त उठली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने शर्यतींच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केले. तेव्हापासून चांगल्या जोडीचे बोलणे लाखांखाली होत नाही, असे दाणीवर उभे राहिले की ऐकू येते.

कापसाच्या बाजाराचे भाव, अहवाल आणि कायदे दप्तरांत शाबूत आहेत. या दुसऱ्या, रुमालाखालच्या बाजाराने मागे काहीच ठेवले नाही. ठेवू नये हीच त्याची रीत होती. म्हणून अमरावती-अकोल्याकडच्या वाचकांना एवढीच विनंती: घरात जुन्या ट्रंकेत स्कूटरच्या नोंदणीचे पोस्टाचे पासबुक, विक्रेत्याचे ‘तुमचा क्रमांक आला’ असे पत्र, किंवा आजोबांनी बैलजोडी घेतल्याची पावती असेल, तर ती रद्दीत घालू नका, आणि खरा आकडा ठाऊक असलेले कोणी वडीलधारे हयात असतील, तर त्यांना विचारून तो पाठीमागे पेन्सिलीने लिहून ठेवा.