तीळ, टाच आणि बॉब मार्ले

माझ्या बाबांच्या जुन्या सर्व्हिस बुकात ‘ओळखीची खूण’ या रकान्यात लिहिलंय : डाव्या गालावर तीळ. तीळ कधी बदलत नाही, हे लिहिणाऱ्याने गृहीतच धरलेलं. आपणही धरतो. गेल्या पावसाळ्यात त्याच बाबांच्या टाचेवर एक काळा डाग दिसला. आई म्हणाली, कुरूप असेल, पट्टी लाव. मला मात्र बॉब मार्ले आठवला.

साल १९७७. मार्लेच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली काळा डाग होता. फुटबॉलवेड्या माणसाला लागलं असेल, असंच सगळ्यांना वाटलं. तपासल्यावर निघाला मेलॅनोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. डॉक्टरांनी अंगठा काढायला सांगितला, तो नको म्हणाला. नख आणि खालची त्वचा तेवढी काढली. सप्टेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावताना तो कोसळला, आणि ११ मे १९८१ ला गेला. वय फक्त ३६.

हा आजार तेव्हाही नवा नव्हता बरं का. लंडनच्या जॉन हंटर या सर्जनने १७८७ मध्ये एका रुग्णाच्या जबड्याजवळची गाठ काढून जपून ठेवली होती. ती मेलॅनोमाच होती, हे सूक्ष्मदर्शकाखाली पक्कं झालं थेट १९६८ मध्ये! स्टेथोस्कोपवाल्या लायनेकने १८०४ मध्ये या काळ्या गाठींचं वर्णन केलं. नखाखालच्या प्रकाराबद्दल जोनाथन हचिन्सनने १८८६ मध्ये लिहिलं : नखातला काळेपणा शेजारच्या कातडीवर उतरला तर सावध व्हा. ही खूण डॉक्टर आजही बघतात.

१९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी सोपी ए-बी-सी-डी काढली. तिळाचे दोन अर्धे सारखे नाहीत, कडा वेड्यावाकड्या, रंग एकाहून जास्त, व्यास ६ मिलिमीटरच्या वर, म्हणजे पेन्सिलीमागच्या खोडरबराएवढा. २००४ मध्ये ‘ई’ आला : बदल. मला विचाराल तर हाच सगळ्यात कामाचा. लहानपणापासून तसाच असलेला तीळ बहुतेकदा निरुपद्रवी असतो. वाढणारा, रंग बदलणारा, खाजणारा, रक्त येणारा मात्र दाखवायचा.

आपल्यासारख्या सावळ्या कातडीत मेलॅनोमा कमी होतो, हे खरंय. पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली. तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो आणि ए-बी-सी-डी सुद्धा फसू शकते. आपल्यात बऱ्याच जणांच्या नखांवर काळसर रेघा असतात, त्या साध्याच. एकाच नखावर नव्याने आलेली, रुंद होत जाणारी रेघ वेगळी.

तर बाबा. ‘शेतात काटा गेलाय रे’ म्हणत दोन महिने टाळलं. शेवटी मी टाचेचे फोटो काढले, महिन्याच्या अंतराने दोन. डाग वाढला होता. फोटो बघून ते गप्प बसले आणि चपला घातल्या. त्वचारोगतज्ज्ञांनी भिंगातून पाहिलं, छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंतचे दहा दिवस घरात टीव्हीचा आवाजही कमी होता.

रिपोर्ट साधा आला. बाबा अजून कुरकुरतात, की टाक्यांमुळे आठवडाभर शेतात जाऊ दिलं नाहीस.