शिकारीच्या छकड्यापासून सफारीच्या गाडीपर्यंत : वाशिमचा काळवीट

टांझानियातील सेरेंगेटी किंवा दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर या राष्ट्रीय उद्यानांच्या सहलीचा बेत आखताना प्रवासी कोरडा हंगाम, पहाटेची वेळ, पाणवठ्यांच्या जागा आणि गाडीतून खाली न उतरण्याचा नियम यांचा विचार करतो. हे ज्ञान पर्यटनापेक्षा बरेच जुने असून त्याचा मोठा भाग शिकाऱ्यांनी कमावलेला आहे. वऱ्हाडात त्याचा माग काढायचा, तर वाशिम जिल्ह्याच्या माळावरील काळविटाच्या इतिहासाकडे वळावे लागते.

काळवीट हा दाट जंगलाचा नव्हे, तर उघड्या गवताळ माळाचा कुरंग होय. म्हणजे ज्याची शिंगे सांबर-चितळांसारखी दरवर्षी गळत नाहीत, असा प्राणी. नराची पाठ काळपट, पोट पांढरे आणि शिंगे पिळदार असतात. लपायला आडोसा नसल्यामुळे तो नजरेवर आणि वेगावर जगतो, आणि पायी येणारा माणूस दुरूनच पाहून पळ काढतो. मात्र माळावर रोज दिसणाऱ्या गुराढोरांची त्याला भीती वाटत नाही. शिकारीच्या दोन परंपरांनी नेमका याच सवयीचा फायदा घेतला. राजेरजवाड्यांच्या शिकारीत डोळे झाकलेला, माणसाळवलेला चित्ता बैलांच्या छकड्यावर बसवून कळपाजवळ नेत आणि तेथे त्याला मोकळा सोडत. कोल्हापूर संस्थानात तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणले जात. दुसरी परंपरा फासेपारध्यांची. दोरीला ओळीने बांधलेले फासे माळावर खुंट्यांनी रोवून ते हरणांना त्या दिशेने वळवत, किंवा शिकवलेल्या गाईच्या आडून, तिच्या पावलांबरोबर पावले टाकत सावजाच्या जवळ जात. आजची सफारीची गाडी याच तत्त्वावर चालते, कारण प्राणी सवयीच्या वाहनाला बुजत नाहीत, पण त्यातून उतरलेल्या माणसाला बुजतात.

काळवीट टिकायचा, तर आधी गवत टिकावे लागते. निजामाकडून १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आल्यानंतर तेथील सरकारी वनांची तीन वर्गांत विभागणी झाली : पहिला लाकूड व सरपणासाठी, दुसरा चाऱ्यासाठी आणि तिसरा गुरे चारण्यासाठी. दुसऱ्या वर्गातील राखीव कुरणांना ‘रमणा’ म्हणत. ही राखण शेतीच्या बैलांसाठी होती, वन्य प्राण्यांसाठी नव्हे; तरीही कुसळी, पवन्या, मारवेल अशा गवतांचे जे माळ नांगराखाली गेले नाहीत, तेथेच माळावरच्या प्राण्यांना थारा उरला. दरम्यान भारतातील चित्ता संपला आणि १९५२ मध्ये तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, स्थान दिले, आणि २००० मध्ये कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य अस्तित्वात आले.

या अभयारण्याचे क्षेत्र १८.३२ चौरस किलोमीटर, तर सेरेंगेटीचे १४,७६३ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे ८०० पट आहे. हा फरक केवळ आकड्यांचा नाही. सेरेंगेटीतील वाइल्डबीस्टचे कळप पावसामागोमाग शेकडो किलोमीटर फिरू शकतात. कारंजाचा काळवीट मात्र थोड्याच अंतरावर शेताच्या बांधाशी पोहोचतो आणि तूर, हरभरा, सोयाबीनमध्ये शिरतो. त्यामुळे येथील संरक्षणाचा खर्च कुंपणाबाहेरच्या शेतकऱ्यालाही सोसावा लागतो.

माणसांच्या बाबतीत मात्र दोन्हीकडचा इतिहास बराच मिळताजुळता आहे. सेरेंगेटीच्या उद्यानातून मसाई पशुपालकांना १९५९ मध्ये बाहेर काढून गोरोंगोरो परिसरात जागा देण्यात आली. इकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या राजवटीत पारध्यांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण पुढे शिकारबंदीने त्यांची परंपरागत उपजीविकाही बेकायदा ठरली आणि माळाची खडान्‌खडा माहिती असलेला समाज माळाच्या कारभाराबाहेर राहिला. कारंजा येथील संवेदना या संस्थेने अकोला-वाशिम भागात फासेपारध्यांना सोबत घेऊन गवताळ माळ आणि तणमोर यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले, हा या इतिहासातील महत्त्वाचा बदल होय. तणमोर हा पावसाळ्यात वीण करणारा दुर्मीळ पक्षी असून त्याचा नर उंच गवतातून पुन्हा पुन्हा वर झेपावतो, तेव्हाच तो नजरेस पडतो. तो कोठे झेपावेल हे ओळखण्याची नजर पारध्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे.

म्हणून वाशिमच्या माळावर जाऊ इच्छिणाऱ्याने पावसाळ्यातील विणीचे दिवस टाळून गवत वाळल्यावर, सकाळी लवकर जावे आणि वाटाड्या म्हणून शक्यतो फासेपारधी समाजातील जाणकार सोबत घ्यावा. शिकारीचे ज्ञान पर्यटनाने उचलले आहेच. त्याचा मोबदला ज्यांनी ते जपले त्यांना मिळाला, तरच हे पर्यटन न्याय्य ठरेल.