हाती धरावयाचे इलेक्ट्रॉनिक खेळ : चिन्ह आणि लय

क्रीडासाधनांच्या इतिहासात साधनाचे वर्णन विस्ताराने येते. खेळण्याची रीत मात्र बहुधा गृहीत धरली जाते. हाती धरावयाच्या आरंभीच्या इलेक्ट्रॉनिक खेळांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. या खेळांत यंत्र देई ते अल्प, आणि खेळणाऱ्याने पुरवावयाचे पुष्कळ, असा प्रकार होता.

अमेरिकेतील मॅटेल कंपनीने १९७६ मध्ये ‘ऑटो रेस’ हा खेळ काढला. त्याची सारी आज्ञावली अवघ्या ५१२ बाइटांत बसविलेली होती. १९७७ च्या ‘फुटबॉल’मध्ये तीन ओळी व नऊ स्तंभांत मांडलेल्या तांबड्या प्रकाशरेघा, एवढेच मैदान. अधिक उजळ रेघ म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू. मंद रेघा म्हणजे त्याला अडविणारे. रेघेच्या ठायी मनुष्य पाहावयाचा तो केवळ संकेताने. शब्द व अर्थ यांचा संबंध जसा संकेतसिद्ध, तसाच हाही होय.

जपानमधील निन्तेंदो कंपनीने १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ मालेतील ‘बॉल’ हा पहिला खेळ विक्रीस आणला. त्याचे योजक गुनपेई योकोई. आगगाडीत गणकयंत्राची बटणे दाबीत वेळ घालविणाऱ्या प्रवाशाला पाहून ही कल्पना सुचल्याचे ते सांगत. गणकयंत्रांमुळे स्वस्त झालेला द्रवस्फटिक पडदाच त्यांनी येथे योजिला.

या पडद्यावर चित्र सरकत नसे. चेंडूची प्रत्येक जागा कारखान्यातच आखून ठेवलेली असे. ती काळी उमटे किंवा अदृश्य राही. दोन स्थानांमधील मार्ग खेळणाऱ्याचे मन जोडी. डावे व उजवे अशी दोनच बटणे. त्यांनी बाहुलीचे हात हलवून एका प्रकारात दोन, दुसऱ्यात तीन चेंडू झेलावयाचे. एक निसटला की डाव संपे. वरवर पाहता ही बोटांच्या चपळाईची कसोटी वाटते. परंतु चेंडू टप्प्याटप्प्यानेच पुढे जात असल्यामुळे तो उतरण्याच्या क्षणी हात जागेवर असला म्हणजे पुरे. कोणता चेंडू आधी येणार हा क्रम ध्यानी धरणे आणि ठेक्याबरोबर पुढची हालचाल योजणे, हेच खरे कौशल्य होय.

१९८९ मध्ये ‘गेम बॉय’ आला. त्याच्या बिंदुमय पडद्यावर कोणतेही चित्र कोठेही रचता येई. त्यामुळे नियत चिन्हांचा हा प्रकार मागे पडला व १९९१ मध्ये मूळ मालाही थांबली.

आज ही यंत्रे संग्राहकांच्या कपाटांत आहेत. परंतु पडदे कालौघात निकामी होतात आणि मुक्या यंत्रावरून ठेका कळत नाही. लिपी उरावी आणि तिचे वाचन लोपावे, तशी ही अवस्था आहे. ज्यांनी हे खेळ लहानपणी खेळले ते अद्याप हयात आहेत. त्यांच्या खेळण्याची नोंद करणे हे वस्तू जपण्याइतकेच इतिहासाचे कार्य मानले पाहिजे.