कार्यमग्न कलावंतांची कृष्णधवल व्यक्तिचित्रे

चित्रकार, शिल्पकार, संगीतकार, चित्रपट दिग्दर्शक आदी कलावंत कामात गुंतलेले असताना टिपलेल्या रंगविरहित छायाचित्रांना कार्यमग्न कलावंतांची कृष्णधवल व्यक्तिचित्रे म्हणतात. सामान्य व्यक्तिचित्रात चेहरा हा केंद्रबिंदू असतो. या प्रकारात चेहरा, हात आणि घडत असलेली कलाकृती या तिन्हींचा संबंध दाखवावा लागतो. असे छायाचित्र सुधारण्याच्या बहुतेक रीतींचा उद्देश हा संबंध स्पष्ट करणे हाच असतो.

राखाडी छटांचा प्रश्न

कृष्णधवल छायाचित्रात रंगांचे रूपांतर राखाडी छटांत होते. लाल व हिरवा हे रंग डोळ्यांना अगदी भिन्न दिसले, तरी त्यांची उजळता सारखी असल्यास छायाचित्रात ते एकरूप होतात. त्यामुळे चित्रकाराच्या मागील रंगीत चित्र सपाट दिसण्याचा संभव असतो. फिल्मवर काम करताना भिंगापुढे रंगीत फिल्टर लावून हा दोष कमी करतात. लाल फिल्टरमुळे लाल रंग व त्वचा उजळ दिसते. हिरव्या फिल्टरमुळे ओठ गडद होतात व त्वचेचा पोत ठळक होतो. अंकीय छायाचित्रणात लाल, हिरव्या व निळ्या घटकांचे प्रमाण बदलून हाच परिणाम साधता येतो.

प्रकाश व गती

खिडकीतून एका बाजूने येणारा प्रकाश हातांच्या शिरा, मातीचा पोत व छिन्नीच्या खुणा उठावदार करतो. कॅमेऱ्यावरील फ्लॅशचा समोरून पडणारा प्रकाश हा उठाव नाहीसा करतो. पांढरा संगमरवर किंवा कोरा कॅनव्हास चौकटीत मोठ्या प्रमाणात असल्यास प्रकाशमापक फसतो व चित्र काळवंडते. अशा वेळी एक्स्पोजर एक ते दोन स्टॉपने वाढवितात. हाताची हालचाल स्थिर दाखविण्यासाठी शटरचा वेग अधिक ठेवतात. चेहरा स्थिर असल्यास सुमारे १/१५ सेकंदाच्या वेगाने हात अस्पष्ट होऊन कामाची गती सूचित होते.

संस्करण

डार्करूममध्ये प्रत काढताना कागदाच्या ठरावीक भागावर पडणारा प्रकाश काही काळ अडविल्यास तो भाग उजळ होतो. यास डॉजिंग म्हणतात. उलट, अधिक काळ प्रकाश दिल्यास तो भाग गडद होतो. यास बर्निंग म्हणतात. सावलीतले हात उजळणे व मागची चकाकणारी खिडकी दबविणे ही याची नेहमीची उदाहरणे होत. संगणकावरील संपादनातही ही नावे रूढ आहेत. अनावश्यक भाग कापून टाकणे, म्हणजेच क्रॉपिंग, हे तिसरे साधन होय.

उल्लेखनीय छायाचित्रे

अमेरिकन छायाचित्रकार अर्नोल्ड न्यूमन यांनी १९४६ मध्ये टिपलेले संगीतकार इगोर स्ट्राविन्स्की यांचे छायाचित्र क्रॉपिंगचे प्रसिद्ध उदाहरण आहे. पियानोचे उघडे काळे झाकण चौकटीचा मोठा भाग व्यापते व स्ट्राविन्स्की एका कोपऱ्यात दिसतात. ते वादन करीत नसले, तरी त्यांचे कार्यक्षेत्र झाकणाच्या आकारातूनच व्यक्त होते. ज्या नियतकालिकाने हे काम सोपविले होते, त्याने हे छायाचित्र नाकारले होते.

हान्स नामुथ यांनी १९५० मध्ये चित्रकार जॅक्सन पोलॉक यांची लाँग आयलंडवरील चित्रशाळेत शेकडो छायाचित्रे घेतली. त्यांपैकी अनेकांत पोलॉक यांचे हात व उडणारा रंग अस्पष्ट आहेत. परंतु या अस्पष्टतेमुळेच रंग शिंपडण्याची क्रिया प्रत्ययास येते.

भारतात निमाई घोष (१९३४–२०२०) यांनी सुमारे अडीच दशके सत्यजित राय यांना चित्रीकरणस्थळी व घरी काम करताना टिपले. फ्लॅश टाळून उपलब्ध प्रकाशात केलेले कृष्णधवल चित्रण हे त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य होय.

सुधारणेची मर्यादा

त्वचेवरील सुरकुत्या, नखांतील रंग, कपड्यांवरील डाग पुसल्यास चित्र नीटनेटके होते, पण कामाचा पुरावा नष्ट होतो. त्यामुळे निगेटिव्हवरील धूळ व ओरखडे काढणे आणि कामाच्या खुणा काढणे यांत भेद करणे आवश्यक ठरते. कलाकृतीचा प्रत्यक्ष आकार वा रेषा बदलणे हे दस्तऐवज म्हणून छायाचित्राची विश्वसनीयता संपविणारे असते.

कॅमेऱ्याची उपस्थितीही कामावर परिणाम करते. नामुथ यांनी पोलॉक यांच्यावर चित्रपटही केला. त्यासाठी पोलॉक यांना ठरवून दिल्याप्रमाणे रंगवावे लागे. नोव्हेंबर १९५० मध्ये चित्रीकरण संपले त्याच दिवशी, सुमारे दोन वर्षांच्या खंडानंतर, पोलॉक यांनी पुन्हा मद्यपान सुरू केले. कलावंताला कॅमेऱ्याची सवय होईपर्यंत थांबणे व कामात व्यत्यय न आणणे यांवर चित्राची अस्सलता अवलंबून असते. ही उणीव संस्करणाने भरून काढता येत नाही.