बारा महिन्यांची अट

मृत्युपत्राचा विषय काढला की आमच्या बदलापूर गावात अजूनही लोक चहा मागवतात. तरीही आज लिहितोच.

१९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात कलम ११८ होतं. पुतण्या, भाचा किंवा त्याहून जवळचं कुणी असलेल्या ख्रिस्ती माणसाला चर्चला किंवा धर्मादाय कामाला मृत्युपत्राने काही द्यायचं, तर ते मृत्यूच्या निदान १२ महिने आधी केलेलं हवं. शिवाय केल्यापासून ६ महिन्यांत सरकारी निबंधकाकडे ठेवलेलं हवं. हिंदूंना अशी अट नव्हती. पारशांना १९९१ मध्ये वगळलं.

माझ्या शाळेत वसईकडच्या एक बाई होत्या. त्यांच्या मावशीने आपली शिल्लक चर्चच्या अनाथाश्रमाला लिहून दिली आणि आठच महिन्यांत ती गेली. पैसे भाचरांत वाटले गेले. बाईंनी आपला वाटा आश्रमाला दिला, भावांनी नाही. असो.

या अटीचं मूळ इंग्लंडच्या १७३६ च्या कायद्यात. मरणाच्या दारातल्या माणसाकडून जमिनी लिहून घेतल्या जातील, ही तिथली भीती. आपल्याकडे ती १८६५ च्या कायद्यातून आली. इंग्लंडने आपला कायदा १९६० मध्ये मोडीत काढला, आपण मात्र सांभाळून ठेवला! शेवटी केरळचे धर्मगुरू जॉन वल्लामट्टम सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००३ मध्ये कलम ११८ घटनाबाह्य ठरलं.

ती भीती अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण फसवून किंवा दबावाने करून घेतलेलं मृत्युपत्र रद्द ठरवणारं कलम ६१ त्याच कायद्यात होतं, आणि ते ख्रिस्ती व हिंदू दोघांनाही लागू होतं.