रेल्वेचे बाहु-सिग्नल : त्यांचे अवशेष व स्थाननिर्णय

जुन्या वस्तूंच्या संग्राहकांत अलीकडे एका नव्या जिनसाची चाह वाढली आहे. ती म्हणजे आगगाडीच्या मार्गावरील जुने सिग्नल. लांकडी अगर लोखंडी खांब, त्याच्या माथ्याशीं वरखालीं होणारा लाल हात, हाताच्या मुळाशीं रंगीत कांचांची चौकट आणि तिच्यामागें दिवा, असें हें साधन आमच्या पिढीनें स्टेशनास्टेशनाबाहेर पाहिलेलें आहे. आज त्याच्या जागीं विजेचे दिवे आले व उतरविलेले हात बाजारांत विक्रीस येऊं लागले. तेव्हां या वस्तूंचे अस्सल अवशेष कोठें आहेत आणि इतिहासाचें साधन म्हणून त्यांचें मोल कसें ठरवावें, याचा विचार करणें अवश्य झालें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, खांबावरून उतरविलेला हात हा पोथींतून सुटलेल्या एकाकी पानासारखा होय. केबिन, दांडे, तारा व नोंदवही यांसह जागेवर उभा असलेला सिग्नल हीच संपूर्ण पोथी. हिंदुस्थानांतील सिग्नलांचें मूळ घराणें इंग्लंडांतील असल्यामुळें प्रथम तिकडील उदाहरणें घेतों व मग आपल्याकडे वळतों.

१. नांव व उत्पत्ति. या सिग्नलास सेमाफोर म्हणतात. शब्द ग्रीक आहे. ‘सेमा’ म्हणजे चिन्ह व ‘फेरेइन्’ म्हणजे वाहणें. संस्कृत ‘भृ–भरति’ हा धातु याच ‘फेरेइन्’चा सख्खा भाऊ होय. म्हणजे सेमाफोर हा शब्दशः ‘चिन्हभृत्’ ठरतो. फ्रान्समध्यें क्लोद शाप यानें टेंकड्या व मनोरे यांवर हलते हात उभारून इ. स. १७९४ मध्यें पॅरिस ते लील असा संदेशमार्ग सुरू केला. तीच कल्पना चार्लस हटन ग्रेगरी या इंजिनिअरानें इ. स. १८४१-४२ च्या सुमारास लंडनजवळ न्यू क्रॉस येथें रेल्वेच्या कामीं लाविली. प्रारंभीं हाताच्या तीन स्थिति असत : आडवा म्हणजे थांबा, तिरपा म्हणजे सावध, आणि खांबाच्या खाचेंत दडलेला म्हणजे मार्ग मोकळा. त्या काळीं दोन गाड्यांमध्यें अंतर राखावयाचें तें घड्याळाच्या मिनिटांनीं; म्हणून तीन स्थितींची गरज होती. पुढें तारायंत्राच्या साह्यानें एका टप्प्यांत एकच गाडी सोडण्याची पद्धति रूढ झाली, तेव्हां मधली स्थिति अनवश्यक ठरली.

२. खाचेचा खांब. कालनिर्णयासाठीं संग्राहक प्रथम पाहतो ती खांबाची खाच. तिचा इतिहास एका अपघातांत आहे. ता. २१ जानेवारी १८७६ रोजीं ग्रेट नॉर्दर्न रेल्वेवर अ‍ॅबट्स रिप्टन येथें बर्फाचें वादळ चालू होतें. मार्ग मोकळा असणें हीच तेव्हां सिग्नलाची नित्याची स्थिति असे, व हात खाचेंत लपलेला असे. खाचेंत बर्फ दाटलें, तारा गोठल्या, आणि केबिनवाल्यानें दांडा ओढला तरी हात वर आला नाहीं. एडिंबरोहून येणारी जलद गाडी बाजूस घेतल्या जाणाऱ्या कोळशाच्या गाडीवर आदळली. थोड्याच वेळानें लंडनहून निघालेली दुसरी गाडी त्या ढिगाऱ्यावर येऊन पडली. या अनर्थानंतर ‘थांबा’ ही नित्याची स्थिति आणि ‘मोकळा’ ही मागून घ्यावयाची स्थिति असा उलट नियम झाला. ग्रेट नॉर्दर्न कंपनीनें तर हात खांबापासून दूर काढून स्वतंत्र आंसावर तोलला. तो कोलांटी घेतल्यासारखा फिरे.

यावरून खाचेचा खांब दिसला कीं तो १८७६ पूर्वींचा, असें अनुमान करण्याचा मोह होतो. तो आवरावा. नॉर्थ ईस्टर्न कंपनीनें खाचेचे खांब त्यानंतरही दीर्घकाळ वापरले. लिपीच्या वळणावरून पोथीचा काल ठरवितांना प्रांतभेद लक्षांत घ्यावा लागतो, तसा येथें कंपनीभेद लक्षांत घ्यावा.

३. हाताची दिशा व कांचेचा रंग. इ. स. १९२० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत हात खालीं पाडण्याऐवजीं वर उचलण्याची रीत बहुतेक कंपन्यांनीं स्वीकारली. कारण उघड आहे : तार तुटली तर वर उचललेला हात स्वतःच्याच वजनानें आडवा होऊन ‘थांबा’ सांगतो, खालीं पडणाऱ्या हातास तेंच करण्यासाठीं निराळें वजन जोडावें लागतें. परंतु ग्रेट वेस्टर्न कंपनीनें आपली खालीं पाडण्याची रीत सोडली नाहीं, व इ. स. १९४८ मध्यें रेल्वे सरकारी झाल्यावरही त्या विभागानें ती चालू ठेविली. अर्थात् खालीं पडणारा हात हा जुनेपणाचा पुरावा नसून कित्येकदां केवळ घराण्याचा पुरावा असतो. टोकाशीं माशाच्या शेपटीसारखी कातर असलेला हात हा दूरच्या, इशाऱ्याच्या सिग्नलाचा. ही कातर इ. स. १८७२ पासून दिसते. मूळचा लाल असलेला हा हात १९२० नंतरच्या दशकापासून पिवळा होत गेला.

कांचेविषयीं एक सूचना. पूर्वीं ‘मार्ग मोकळा’ या अर्थीं पांढरा दिवा दाखवीत; पण लाल कांच फुटली तर तोही पांढराच दिसे. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिरवा रंग आला. आतां जुन्या चौकटींतील कांच हातीं घेतली तर ती हिरवी नसून निळसर दिसते, व ती मागाहून बसविलेली असावी असा संशय येतो. वस्तुतः तीच अस्सल. तेलाच्या दिव्याची ज्योत पिवळी, व ती निळसर कांचेंतून हिरवी दिसते.

४. केबिन व तिचें दप्तर. हात हा शेवटचा अवयव. बुद्धि केबिनींत असते. जॉन सॅक्सबी यानें इ. स. १८५६ मध्यें सांधे व सिग्नल एकत्र चालविण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. पुढें दांड्यांची परस्परबंधनें अशीं रचण्यांत आलीं कीं, सांधा बरोबर बसल्याशिवाय त्या मार्गाचा सिग्नल ओढतांच येऊं नये. ता. १२ जून १८८९ रोजीं आयर्लंडांत आर्मा येथें घडलेल्या भीषण अपघातानंतर त्याच वर्षीं कायदा होऊन हीं बंधनें व टप्प्याची पद्धति प्रवासी मार्गांवर सक्तीची झाली.

दांड्यांचे रंगही अर्थपूर्ण आहेत : थांब्याच्या सिग्नलाचा लाल, इशाऱ्याचा पिवळा, सांध्याचा काळा, सांधा जखडणाऱ्या कुलुपाचा निळा, निरुपयोगी दांड्याचा पांढरा. कित्येक दांड्यांवरील पट्टीवर, तो ओढण्यापूर्वीं कोणते दांडे ओढावे, त्यांचे आंकडे कोरलेले असतात. शेजारच्या केबिनीशीं संभाषण घंटेच्या ठोक्यांनीं चाले : चार ठोके म्हणजे जलद गाडी घेतां काय, दोन म्हणजे गाडी टप्प्यांत शिरली, दोन व एक म्हणजे गाडी टप्प्याबाहेर गेली. प्रत्येक घंटेची वेळ नोंदवहींत मिनिटानिशीं लिहिली जाई. बाजारांतील हातावर यांपैकीं कांहींच नसतें. तो कोणत्या सांध्याची राखण करीत होता, हें सांगणारा आंकडा केबिनींतच राहून जातो.

५. अवशेषांचीं स्थळें. वरील कसोटीनें अवशेषांचे चार वर्ग पडतात.

पहिला वर्ग जागेवर व चालू असलेल्यांचा. वेल्सच्या सीमेवरील श्रूझबरी स्टेशनाजवळ सेव्हर्न ब्रिज जंक्शनची केबिन आहे. ती इ. स. १९०३ ची असून तींत १८० दांड्यांची चौकट आहे. हातानें चालणाऱ्या व कामांत असलेल्या केबिनींत ही जगांत सर्वांत मोठी गणली जाते. सेटल ते कार्लाइल या डोंगरी मार्गावरही जुन्या मिडलंड कंपनीच्या केबिनी दिसतात. त्यांत गार्सडेलची १९१० ची आहे.

दुसरा वर्ग जागेवर पण बंद पडलेल्यांचा. लंडनच्या उत्तरेस सेंट ऑल्बन्स येथील १८९२ ची केबिन कामांतून गेल्यावर दुरुस्त करून लोकांस पाहण्यास खुली केली आहे.

तिसरा वर्ग समग्र स्थलांतरितांचा. एक्झिटर शहराची पश्चिमेकडील केबिन इ. स. १९८५ मध्यें बंद झाली. ती उचलून क्रू येथील वारसाकेंद्रांत दांड्यांसह पुन्हा उभारली आहे. स्कारबरो येथील फॉल्सग्रेव्हच्या मार्गावर आडवी टाकलेली, अकरा हातांची लोखंडी कमान इ. स. २०१० नंतर ग्रॉसमाँट येथें नेली व तेथील हौशी मंडळींच्या रेल्वेवर ती पुन्हा कामीं लागली. सेव्हर्न व्हॅली रेल्वेवर ग्रेट वेस्टर्न घराण्याचे खालीं पडणारे हात गाड्यांसाठीं खरोखर पडतांना दिसतात.

चौथा वर्ग सुट्या वस्तूंचा. यांत यॉर्क येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय अग्रगण्य होय.

ऐन भरांत ब्रिटनमध्यें बारा-तेरा हजार केबिनी होत्या, इ. स. २०१३ च्या सुमारास कामांत असलेल्या पांचशेंच्या आंत आल्या होत्या. त्या वर्षीं जुलईंत इंग्लंडांतील २६ केबिनी संरक्षित इमारतींच्या यादींत घेतल्या गेल्या. हें इष्टच झालें. परंतु संरक्षण मिळतें तें इमारतीस. रुळांकडेच्या खांबांस तें आपोआप लाभत नाहीं, आणि मग घर राहतें व त्यांतील बोलणें नाहींसें होतें.

६. आपल्याकडील स्थिति. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें ही पहिली गाडी धांवली. पुढें मार्ग वाढत गेले तसे आपल्याकडे खालीं पडणारे हात सर्वत्र झाले. वर सांगितलेल्या सॅक्सबीच्या कंपनीची शाखाही कलकत्त्यास निघाली. या रीतीचा एक अवशेष कोणत्याही संग्रहालयांत नाहीं. तो मराठी भाषेंत आहे. गाडी येण्याची वर्दी म्हणून ‘सिग्नल पडला’ असें आपण म्हणतों, तें पडणाऱ्या हातावरून. हात वर उचलणाऱ्या प्रांतांत हा प्रयोग जन्मास येताना. ‘लाइन क्लिअर मिळणें’ व ‘सांधा बदलणें’ हेही केबिनींतून घरांत आलेले प्रयोग होत.

वस्तुरूप अवशेषांसाठीं दिल्लीचें राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय पाहावें. इ. स. १९०३ मध्यें सुरू झालेल्या कालका–सिमला मार्गावर नीलच्या यंत्रांतून निघणारा गोळा अलीकडेपर्यंत चालत आलेला आहे. तो हातीं पडल्यावांचून ड्रायव्हरनें पुढच्या टप्प्यांत शिरावयाचें नाहीं. बाकी मार्गांवर बदल झपाट्यानें झाला. इ. स. २०२५ पर्यंत साडेसहा हजारांहून अधिक स्टेशनांवर सांधे व सिग्नल विजेच्या यंत्रणेनें एके ठिकाणाहून चालविण्याची व्यवस्था झाली. प्रवाशांच्या जीविताच्या दृष्टीनें हें योग्यच आहे व त्याविषयीं खेद करण्याचें कारण नाहीं. खेद आहे तो दांडे मोडींत जातांना त्यांबरोबर कागदही जातात याचा.

७. संग्राहकांस विनंति. चालू मार्गावरील कोणत्याही वस्तूस हात लावणें हा गुन्हा आहे व त्यांत परक्यांच्या प्राणाशीं खेळ आहे. तशी वस्तु कोणी आणून दिल्यास घेऊं नये. रीतसर लिलांवांत मिळालेल्या हाताबरोबर स्टेशनाचें नांव, खांबाची दिशा, दांड्याचा आंकडा व उतरविल्याची तारीख एवढीं चार टिपणें तरी जोडावीं. तीं नसलीं तर तो हात शोभेचा; असलीं तर पुराव्याचा. याहून महत्त्वाचें काम कागदांचें आहे. स्टेशनाचे कार्यनियम, दांड्यांचे नकाशे, गाड्यांच्या नोंदवह्या यांपैकीं रीतसर बाद होऊन जुन्या स्टेशन मास्तरांच्या व केबिनवाल्यांच्या घरीं राहिलेलें जें कांहीं असेल, त्याची यादी करून नक्कल तरी घ्यावी. त्या दांड्यांवर ज्यांचे हात बसले होते, त्यांच्या तोंडून त्यांची रीत लिहून घ्यावी. खांब लोखंडाचा आहे, तो आणखी पन्नास वर्षें थांबेल. माणसें तितकीं थांबणार नाहींत.