एकच कपाट, दोन मनें

वैरागसारख्या गांवांतून मुलगा कॉलेजांत जावयास निघाला, म्हणजे घरच्या वडीलधाऱ्यांच्या मनांत दोन विचार एकदमच येतात: ग्रंथ वाचून मुलगा शहाणा होईल ही आशा, आणि ग्रंथ वाचूनच तो हाताबाहेर जाईल ही धास्ती. बार्शी-सोलापूर रस्त्यावरील हें आमचें बाजारपेठेचें गांव. १९४० सालीं सोलापुरास दयानंद कॉलेज निघालें. त्यापूर्वीं उच्च शिक्षणासाठीं पुण्यामुंबईची वाट धरावी लागे, आणि ही धास्ती अधिकच वाटे. परंतु आशा काय किंवा धास्ती काय, दोहोंच्या मुळाशीं समजूत एकच. ती ही कीं, कुंभार मातीस आकार देतो तसा ग्रंथ मनास देतो. ही समजूत कितपत खरी आहे, याचा एक उत्तम दाखला आपल्या इतिहासांत आहे.

१८७९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत बाळ गंगाधर टिळक व गोपाळ गणेश आगरकर हे दोन तरुण देशकार्याच्या गोष्टी बोलत बसत. टिळकांचा ओढा गणित व संस्कृत यांकडे, आगरकरांचा इतिहास व तत्त्वज्ञान यांकडे. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे आगरकर इतके गरीब कीं, एकुलता एक सदरा रात्रीं धुऊन सकाळीं तोच अंगांत घालीत, असें सांगतात. मिल्ल व स्पेन्सर या इंग्रज तत्त्ववेत्त्यांचा त्या काळच्या पदवीधरांवर मोठा पगडा होता. मिल्लचा स्वातंत्र्यावरील निबंध १८५९ चा, स्त्रियांच्या दास्यावरील १८६९ चा. स्पेन्सरचें शिक्षणविषयक पुस्तक १८६१ चें.

आगरकरांनीं हे ग्रंथ वाचले ते आपल्या घराअंगणाकडे पाहत. व्यक्तीस स्वातंत्र्य हवें हें खरें, तर आमच्या घरांतील विधवेचें काय? मिल्लच्या पुस्तकांत केशवपनाचा विषय नव्हता; तो प्रश्न आगरकरांचा स्वतःचा होता. १८८८ सालीं ‘सुधारक’ काढून त्यांनीं केशवपन, बालविवाह व स्त्रीशिक्षण यांवर निर्भीडपणें लिहिलें. विरोधकांनीं त्यांची जिवंतपणीं प्रेतयात्रा काढली, तरी लेखणी थांबली नाहीं. १८९५ सालीं, वयाच्या ३९ व्या वर्षीं, ते वारले.

मिल्ल टिळकांनींही वाचला होता. तथापि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यास आगरकरांनीं पाठिंबा दिला, तर परक्या सरकारनें कायद्यानें आमच्या चालीरीतींत हात घालूं नये म्हणून टिळकांनीं विरोध केला. पुढें मंडालेच्या तुरुंगांत त्यांनीं ‘गीतारहस्य’ लिहिलें. तें १९१५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत मिल्ल, स्पेन्सर, कांट, ग्रीन ही सारी मंडळी हजर आहेत. पुष्कळांचें पुष्कळ सुख ही नीतीची कसोटी टिळकांनीं तेथें बारकाईनें तपासली, आणि ती अपुरी ठरविली.

यावर कोणी म्हणेल, स्वभाव भिन्न म्हणून मतें भिन्न. ग्रंथाचा संबंध काय? आम्हांस हें पटत नाहीं. मिल्ल नसता तर आगरकरांच्या हातचें एक धारदार हत्यार गेलें असतें, आणि टिळकांना एक तोलामोलाचा प्रतिपक्षी लाभला नसता. ग्रंथानें दोघांसही मत दिलें नाहीं. मात्र आपलें मत न तपासतां बाळगण्याची मोकळीक त्यानें दोघांसही ठेविली नाहीं.

आज वैरागच्या मुलाच्या खिशांतील फोनमध्यें अख्खें ग्रंथालय मावतें. कोणतीं पुस्तकें वाचावींत, याची यादी पालक आम्हां प्राध्यापकांकडे मागतात. यादी देणें सोपें आहे. परंतु आपल्या गांवचा, आपल्या घरचा एखादा न सुटलेला प्रश्न घेऊन मुलगा कपाटापुढें उभा राहिला नाहीं, तर त्या यादीचा उपयोग परीक्षेपुरताच. आणि असा प्रश्न त्याच्याजवळ असेल, तर तो वडिलांच्या मताचा होऊन परत येईल कीं विरुद्ध मताचा, याची हमी कोणीच देऊं शकत नाहीं. ती मागूंही नये. आगरकर व टिळक यांच्या घरच्यांसही ती मिळाली नव्हती.